मुलानं 'भेतो' लिहिलं, तर लाल रेघ मारायची का?

मॅडम, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही साताऱ्याकडच्या, पहिलीच नेमणूक यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात. पाचवीतल्या एका मुलानं निबंधात लिहिलं, 'मी कुत्र्याले भेतो. राती मले भेव लागते.' तुम्ही ते लाल पेनानं खोडून वर लिहिलं, 'मी कुत्र्याला घाबरतो. रात्री मला भीती वाटते.' तेव्हापासून दोन आठवडे तो वहीत एक ओळही लिहीत नाही. आणि तुम्ही विचारताय, 'भेतो' हा मराठी शब्द आहे का, आणि 'भिणे' आणि 'घाबरणे' यांत खरंच काही फरक आहे का.

मी याच भागात 31 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये शिकवलं, बहुतेक काळ मराठीच. तुम्ही केलेली चूक मीही केली आहे, आणि माझी तुमच्यापेक्षा फार महागात पडली असती. ते पुढे सांगतो.

आधी तुमची दुरुस्ती नीट पाहू. तुम्ही 'कुत्र्याले'चं 'कुत्र्याला' केलं, 'राती'चं 'रात्री' केलं, 'मले'चं 'मला' केलं. हे तीन बदल एका जातीचे आहेत. घरच्या बोलीतलं रूप काढून पुस्तकातलं रूप घातलं, अर्थ तोच राहिला. पण 'भेतो'च्या जागी 'घाबरतो' आणि 'भेव लागते'च्या जागी 'भीती वाटते' लिहिलंत, तिथे रूप बदललं नाही, शब्दच बदलला. 'भेतो'चं पुस्तकी रूप 'भितो' आहे, 'घाबरतो' नाही. मुलाला एक सांगायचं होतं, तुम्ही त्याच्या तोंडी दुसरं घातलं. दोन्ही प्रकारच्या दुरुस्त्या एकाच लाल शाईत झाल्या, म्हणून त्याला वाटलं की आपलं सगळंच चुकलं.

शब्द मराठी आहे का, याचं उत्तर सोपं आहे. संस्कृतातला 'भी' हा धातू प्राकृतात 'बीहइ' झाला, जुन्या मराठीत 'बिहणे' झाला आणि पुढे 'भिणे'. 'भय'पासून 'भेव' आला. जुन्या मराठीत 'भेणें' हा शब्द 'भीतीपोटी' या अर्थानं येतो. म्हणजे वऱ्हाडातला 'भे' हा कोणी अडाण्यानं मोडलेला उच्चार नाही. तो जुना आहे, इथल्या घरांत टिकला, एवढंच. मनाच्या श्लोकांतली ओळ तुम्हालाही पाठ असेल: 'भवाच्या भये काय भीतोस लंडी, धरी रे मना धीर धाकासि सांडी.' भय, भिणे आणि धाक, तिन्ही एका ओळीत आहेत.

आणखी एक गोष्ट बघा. त्या पोरानं 'कुत्र्याले' लिहिलं. संस्कृतात ज्याची भीती वाटते त्याला पंचमी लागते, पाणिनीचं त्यावर सूत्रच आहे, 'भीत्रार्थानां भयहेतुः'. हिंदीतही 'कुत्ते से डरता है' म्हणतात. मराठीनं मात्र इथे 'ला' धरला. इकडे हिंदी घरोघरी ऐकू येते, विदर्भ 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होता, त्यामुळे पुष्कळ मुलं 'कुत्र्यापासून भितो' असं लिहून जातात. तुमच्या मुलानं तसं केलं नाही. वऱ्हाडी 'ले' म्हणजे मराठीचा 'ला'. व्याकरणाच्या दृष्टीनं त्याचं वाक्य अस्सल मराठी आहे.

आता मुख्य गोष्ट. 'भिणे' आणि 'घाबरणे' एक नाहीत.

'भिणे' हे कुणाला तरी असतं. समोर कुणीतरी लागतं: कुत्रा, बाप, देव, सावकार. ते नातं आहे आणि ते सतत चालू राहतं. तो पोरगा या क्षणी वर्गात निवांत बसला आहे, कुत्रा आसपास नाही, तरी 'मी कुत्र्याले भेतो' हे खरं आहे. 'घाबरणे' ही अवस्था आहे, ती येते आणि जाते. 'फोन आला आणि ती घाबरली' म्हणतो, तेव्हा ती कुणाला घाबरली हे विचारत नाही. धीर सुटला, काही सुचेना, एवढाच त्याचा अर्थ.

ही फोड पटत नसेल तर 'देवाला भिऊन वाग' या वाक्यात 'घाबरून' घालून पाहा. 'देवाला घाबरून वाग' म्हटलं की कानाला खटकतं. कारण 'भिण्या'त मर्यादा आहे, आदरही आहे. 'तो कुणाच्या बापाले भेत नाही' असं इथे म्हणतात, तेव्हा कधी कौतुक असतं, कधी तक्रार. तक्रार असते तेव्हा अर्थ असा की त्याला कसलाच धरबंध नाही. बापाला भिणारा मुलगा घराघरात असतो आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. पण बाप घरात शिरला की जो मुलगा घाबरतो, त्याच्या घरी जाऊन यावं लागतं. मी तसा दोन-तीन घरी गेलो आहे आणि दर वेळी काही ना काही निघालं.

शहरी बोलण्यात हल्ली 'घाबरणे'च दोन्हीकडे चालतं, हे मान्य. पुण्यातलं पोर 'मी कुत्र्याला घाबरतो' म्हणेल आणि ते चूक नाही. 'भितो' ऐकला की तिकडे जुनाट वाटतो. पण इथे दोन्ही शब्द जिवंत आहेत आणि त्यांनी कामं वाटून घेतली आहेत. जिथे वाटणी आहे तिथे ती मोडू नये, असं माझं मत आहे.

ही वाटणी मी पुस्तकातून शिकलो नाही. नोकरीची पहिली काही वर्षं होती. खरीप, पऱ्हाटी म्हणजे कपाशी कमरेएवढी झालेली, गावात सगळीकडे फवारणी सुरू. सोमवारी सकाळी सातवीच्या वर्गात मी एका मुलाला उभं करून कविता म्हणायला सांगितली. तो उभा राहिला, बाकाला धरून, आणि म्हणाला, "गुरुजी, जीव घाबरते." मी म्हणालो, "घाबरायचं काय त्यात? सगळे आपलेच आहेत. म्हण." दोन-चार पोरं हसली. त्यानं एक ओळ म्हटली. कपाळावरून घाम गळत होता, तो बाहीनं पुसत होता, पण घामाबरोबर तोंडातून लाळही येत होती, ते माझ्या लक्षात आलं नाही. मी दुसऱ्यांदा 'घाबरू नकोस' म्हणालो, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "गुरुजी, थो भेला नाही. त्याचा जीव घाबरून रायला."

तिचं बोलणं पूर्ण होईपर्यंत तो दाराशी जाऊन ओकला आणि खाली बसला.

शाळेसमोरच्या दुकानदाराच्या मोटरसायकलवर त्याला मधे धरून ग्रामीण रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "सकाळी वावरात गेला होता का?" गेला होता. बापाच्या पंपात औषध कालवून देत होता, उघड्या हातानं. कीटकनाशकाला इथे 'औषध' म्हणतात, तेही लक्षात ठेवा. तो तीन दिवसांनी घरी आला. आज त्याचं स्वतःचं वावर आहे, भेटला की पाया पडतो, आणि मला दर वेळी ती सकाळ आठवते.

त्या मुलीनं मला एका वाक्यात जे सांगितलं, ते माझ्या डीएडच्या कुठल्या पुस्तकात नव्हतं. 'जीव घाबरणे' हे भिणं नाहीच. ती शरीराची तक्रार आहे: छातीत धडधड, घाम, मळमळ, श्वास पुरत नाही, डोळ्यांपुढे अंधारी. प्रमाण मराठीतही 'घाबरं होणे', 'जीव घाबराघुबरा होणे' हे याच अर्थानं आहे, फक्त आपण ते विसरत चाललो आहोत. 2017 च्या खरिपात आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन अनेक शेतकरी-मजुरांचे जीव गेले. तेव्हापासून मी प्रत्येक नव्या शिक्षकाला, नव्या परिचारिकेला, बँकेत बदलून आलेल्या प्रत्येक साहेबाला हेच सांगतो. फवारणीच्या दिवसांत कुणी 'जीव घाबरते' म्हणाला तर धीर देत बसू नका. सावलीत घ्या, कपडे काढा, अंग साबणानं धुवा, डब्यावरचं लेबल किंवा डबाच सोबत घ्या आणि दवाखाना गाठा, नाहीतर 108 ला फोन लावा. घरातल्या म्हाताऱ्या बाईनं पहाटे घामाघूम होऊन तेच शब्द उच्चारले, तर छातीत दुखत नसलं तरी हृदयाचा त्रास असू शकतो, विशेषतः साखरेचा आजार असेल तर. 'काही नाही होत, घाबरू नकोस' हे त्या वेळी सर्वात वाईट उत्तर आहे.

म्हणून तुमच्या वर्गातल्या मुलांचे हे दोन शब्द एकमेकांत मिसळू देऊ नका, असं मी आग्रहानं म्हणतो. त्या पोराला 'भेतो' ठेवू द्या. 'घाबरते' हा शब्द त्याच्या घरात दुसऱ्या कामासाठी राखून ठेवला आहे.

दुसरं वाक्य 'भेव लागते'. तुम्ही 'भीती वाटते' केलं. अर्थ जवळचा आहे, चूक म्हणणार नाही. पण फरक मला सुंदर वाटतो, म्हणून सांगतो. भूक लागते, तहान लागते, झोप लागते, ऊन लागते, तसं भेव लागते. बाहेरून येऊन अंगाला भिडतं. 'वाटणे' मनात होतं, आणि 'वाटणे'ला 'मत असणे' हाही अर्थ आहे. 'मला भीती वाटते की मीटिंग उशिरा संपेल' असं ऑफिसात म्हणतात, तिथे भीती कुठेच नसते. 'भेव लागते' असं कधी वापरलेलं मी ऐकलं नाही. कुणी म्हणालं 'भेव लागते', तर त्याला ते खरोखर लागलेलं असतं. तुमच्या मुलाला रात्री काय लागतं ते पाहायला हवं. मला वाटतं हे वाक्य पहिल्यापेक्षा महत्त्वाचं आहे.

कारण इथल्या रात्री वेगळ्या असतात. शेतीच्या पंपाची लाइन पाळीपाळीनं येते, बऱ्याचदा रात्रीची. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला बाप अकरा वाजता बॅटरी घेऊन निघतो. पीक उभं असलं की डुकरांपासून आणि रोह्यांपासून (नीलगायींपासून) ते राखायला जागल असते, म्हणजे रात्रभर शेतात पहारा. घरी आई आणि पोरं. रात्री सापाचं नाव घ्यायचं नाही, 'जनावर' म्हणायचं, हे लहान पोरालाही माहीत असतं. जागलीला जाणारे माझे एक शेजारी म्हणत, "वाघाचं भेव नाही लागत गुरुजी, डुकराचं लागते. वाघ वाट सोडते, डुक्कर सोडत नाही." हा माणूस भित्रा नव्हता. कुणाला किती भ्यायचं याचा त्याचा हिशेब पक्का होता.

पुढे आपल्याच जिल्ह्यात राळेगाव-पांढरकवड्याच्या पट्ट्यात 'अवनी' या नरभक्षक ठरवलेल्या वाघिणीचं प्रकरण झालं, 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री ती मारली गेली. तेव्हा वर्तमानपत्रांत रोज 'वाघिणीची दहशत' छापून येई. गावात तो शब्द कुणी बोलत नव्हतं. बाया कापूस वेचायला जात नव्हत्या आणि म्हणत होत्या, 'धसका घेतला'. दहशत वाघिणीची असते, धसका बाईचा असतो. 'दहशत' म्हटलं की डोळ्यांपुढे वाघीण येते, 'धसका' म्हटलं की बाई. दोन शब्द दोन बाजूंना उभे आहेत, आणि लिहिणाऱ्याला आपण कुठे उभे आहोत ते ठरवावं लागतं.

बाकीचे शब्द थोडक्यात. 'धाक' आणि 'वचक' वरच्या माणसाचे असतात; पालक येऊन सांगतात 'पोराले तुमचा धाक पाहिजे', कुणी 'तुमची भीती पाहिजे' म्हणत नाही. 'धास्ती' अजून न घडलेल्याची, 'धसका' घडून गेलेल्याचा. 'घोर' म्हणजे भीतीपेक्षा काळजी, पोरीच्या लग्नाचा, बँकेच्या हप्त्याचा. 'दचकणे' एका क्षणाचं. 'भीती'च्या मागे 'ची' लावताना जपा, 'आईची भीती' म्हणजे आईला वाटणारी की आईबद्दल वाटणारी, हे वाक्यावरूनच कळतं. मुलं इथे हमखास अडकतात. आणि भूतकाळात 'मी कुत्र्याला भ्यालो', क्रियापद बोलणाऱ्याच्या मागे जातं, कुत्र्याच्या नाही. घरी ते 'भेलो' म्हणतील, तेही तसंच चालतं.

एक शब्द मात्र तुमच्यासाठी राखून ठेवला होता: 'बुजणे'. तो मुलगा दोन आठवडे लिहीत नाही, म्हणजे तो तुम्हाला भितो असं तुम्हाला वाटतंय. तुमच्या प्रश्नात तसं लिहिलंयही. मला वाटतं तो बुजला आहे. बंडीचा बैल एखाद्या रपट्यावर, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावर, एकदा बुजला, पाण्याचा आवाज झाला किंवा चाक घसरलं, की पुढच्या वेळी त्याच रपट्याशी येऊन थांबतो. पाणी नसलं तरी थांबतो. तुतारी, म्हणजे बैल हाकायची टोकदार काठी, टोचून तो पुढे जात नाही, मान फिरवतो. जाणता गाडीवान खाली उतरतो, कासरा हातात घेतो आणि स्वतः आधी रपट्यावर पाय ठेवतो. बैल त्याचा पाय पाहतो, मग आपला टाकतो.

आता वहीचं काय करायचं. हे बरंचसं परिस्थितीवर आहे आणि मी एकच नियम सांगणार नाही. परीक्षेच्या पेपरात प्रमाणरूप मागितलं असेल तर 'ला' आणि 'रात्री' शिकवावंच लागेल. पुढे याच मुलाला अर्ज लिहायचे आहेत, भरतीच्या परीक्षा द्यायच्या आहेत, तिथे कुणी बोलीचं कौतुक करणार नाही. तिथे 'भितो' लिहायला शिकवा, 'घाबरतो' नको. रोजच्या वहीत, अनुभव लिहिताना, बोली राहू द्या. लेखनाच्या नियमांनीही बोलणाऱ्याच्या तोंडचं उच्चाराप्रमाणे लिहायला जागा ठेवली आहे, आणि पाचवीतलं पोर स्वतःबद्दल लिहितं तेव्हा तेच स्वतः बोलत असतं. मी तर डाव्या पानावर मुलांचं आणि उजव्या पानावर पुस्तकातलं, असं लिहून घ्यायचो. खाडाखोड नाही. दोन्ही पानं दिसली की मुलं आपणहून 'ले'खाली 'ला' शोधतात, आणि काही वेळा 'गुरुजी, ह्या शब्दाले तिकडे शब्दच नाही' असंही सांगतात.

मुलाच्या घरी काय बोलतात तेही विचारून घ्या. तुमच्या भागात बंजारा तांडे आहेत, कोलाम आदिवासींचे पोड म्हणजे पाडे आहेत. घरची भाषा गोरमाटी (बंजाऱ्यांची) किंवा कोलामी असेल, तर 'भेतो' हीच त्या मुलासाठी शिकलेली भाषा आहे, आणि तुम्ही त्याला तिसरी देताय. मग वेळ जास्त द्यावा लागतो. आणि तुम्ही जर कधी पूर्वेकडे, भंडारा-गडचिरोलीकडे बदलून गेलात, तर मी सांगितलेलं सगळं पुन्हा तिथल्या माणसांना विचारून घ्या, तिकडच्या झाडीबोलीची वाटणी वेगळी असू शकते.

उद्या वही परत देताना तुमच्या लाल ओळींवर पांढरा कागद चिकटवून त्याचं मूळ वाक्य तुमच्या हातानं लिहा, 'मी कुत्र्याले भेतो'. त्याच्यासमोर लिहा. मग विचारा, "कोन्त्या कुत्र्याले भेतं रे?" साताऱ्याच्या तोंडून हे वाक्य ऐकून तो हसेल, हसू द्या. तो कुत्र्याचा रंग सांगेल, कुणाच्या दारात बसतो ते सांगेल, केव्हा अंगावर आला ते सांगेल. ते सांगून झालं की विचारा, "आन् राती काऊन भेव लागते?" आणि मग गप्प बसून ऐका. बाप जागलीला जात असेल, तर तेही त्यात येईल.